कपाळाचं फ्रॅक्चर आता खरंच सौम्य झालंय का?

धागाकर्ता: फ्रंटल सायनस म्हणजे भुवयांच्या मागे, कपाळाच्या हाडात असलेली हवेची पोकळी. चेहऱ्याच्या फ्रॅक्चरमध्ये हिचा वाटा साधारण ५ ते १५ टक्केच, कारण हे हाड चेहऱ्यात सगळ्यात दणकट, ते मोडायला तसाच दणका लागतो. पूर्वी तो दणका म्हणजे बहुतेक वेळा कारचा अपघात, डोकं थेट काचेवर. १९५९ मध्ये व्होल्वोने तीन टोकांचा सीटबेल्ट आणला, मग कायदे आले, एअरबॅग आल्या, आणि जिथे हे सगळं नीट पाळलं जातं तिथे कारचा वाटा कमी होऊन मारामारी, पडणं, खेळ यांचा वाढलाय. दणका लहान म्हणून मोडतोडही लहान, बऱ्याचदा फक्त पुढची भिंत दबलेली. माझं स्पष्ट मत आहे की या कानापासून त्या कानापर्यंत डोक्यावर चीर देऊन पोकळी पोटाच्या चरबीने भरायची ऑपरेशनं आता अगदी क्वचितच करावीत.

सीटीवाली: असहमत. वाटा बदलला म्हणजे इजा सौम्य झाली असं नाही हो. पूर्वी साध्या एक्स-रेवर बारीक चीर दिसायचीच नाही, आता डोक्याला मार म्हटलं की सीटी होतो, मग सौम्य केसेस वाढलेल्या दिसणारच! दुसरं, जबर मार लागलेले कितीतरी जण आधी हॉस्पिटलपर्यंत जिवंत पोचतच नव्हते, ते आता पोचतात. आणि हेल्मेट न घालता दुचाकीवरून फेकला गेलेला माणूस, त्याला कुठली एअरबॅग? मी स्क्रीनवर रोज बघते, पुढच्या भिंतीचे तुकडे आत गेलेले, मागच्या भिंतीची पांढरी रेघ तुटलेली आणि तिच्या मागे, कवटीच्या आत, हवेचा एक काळा ठिपका. तो ठिपका दिसला की केस सौम्य राहत नाही, कारण नाक आणि मेंदू यांच्यात वाट उघडलेली असते, मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा संसर्ग, होऊ शकतो.

मुलगी: मी डॉक्टर नाही पण राहवत नाही म्हणून लिहितेय. बाबा जिन्यावरून पडले, कपाळाला मार, सांगितलं किरकोळ आहे, सूज उतरली आणि आम्हीही विसरलो. अकरा वर्षांनी त्यांचा डावा डोळा हळूहळू खाली आणि बाहेर सरकायला लागला, आम्हाला वाटलं वय झालं, एकाचे दोन दिसायला लागले तेव्हा कुठे तपासलं तर म्युकोसील, म्हणजे सायनसची निचऱ्याची वाट बुजून आत शेंबूड साठून साठून हाड पोखरलेलं. हे असं होऊ शकतं एवढं एक वाक्य तेव्हा कुणी बोललं असतं तर...

धागाकर्ता: वाचून फार वाईट वाटलं. सीटीचा मुद्दा मान्य, तुलना करताना तो धरायलाच हवा. पण चरबी भरलेल्या सायनसमध्येही आतल्या शेंबूड तयार करणाऱ्या अस्तराचा कण मागे राहिला तर वर्षांनी म्युकोसील होतोच ना? निचऱ्याची वाट शाबूत असेल तर सायनस तसाच ठेवावा, पुढे बुजली तर आता नाकातून दुर्बिणीने उघडता येते. यावर मी ठाम आहे.

सीटीवाली: ठेवा की, पण मग पेशंटला सोडू नका. नाकातून पाण्यासारखं गळलं, वाकल्यावर घशात खारट लागलं तर ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं, त्याच दिवशी या, हे डिस्चार्ज कार्डावर त्याच्या भाषेत लिहून द्या. आणि सीटी एकदाच करून फाइल बंद नको, पुढची काही वर्षं तरी अधूनमधून बोलवा. बोलावता का तुम्ही?