प्रोबेशन चालू असतानाच नाशिकला बदली मागावी का?

सिडकोवाला
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला नवीनच लागलोय, ६ महिन्यांचं प्रोबेशन आहे, ते अजून संपायचंय. कंपनीचा दुसरा प्लांट आपल्या अंबड एमआयडीसीत आहे. जॉइन झालो तेव्हा घरी सगळं ठीक होतं पण आता वडिलांचं डायलिसिस सुरू झालंय, आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार चार तास, आणि आई एकटी रिक्षाने नेते-आणते. मी शनिवारी सेकंड शिफ्ट संपवून निघतो, नारायणगाव संगमनेर सिन्नर करत पहाटे घरी आणि रविवारी संध्याकाळी परत चाकण. आईचा चेहरा बघवत नाही हो. अपॉइंटमेंट लेटरमध्ये लिहिलंय की कुठल्याही लोकेशनला बदली होऊ शकते, मग त्यावरून मी मागू शकतो ना? की आत्ता विचारलं तर कन्फर्मेशनच, म्हणजे नोकरीत कायम करणंच, अडवतील? राजीनामा टाकून नाशिकलाच दुसरी बघू का?

सातपूर_एचआर
भाऊ, आधी वडिलांना बरं वाटू दे. मी एचआरमध्येच आहे म्हणून स्पष्ट सांगते, लेटरमधली ती ओळ कंपनीसाठी असते, कंपनी तुम्हाला पाठवू शकते, तुम्ही त्यावर हक्क सांगू शकत नाही. तुमची विनंतीच राहणार, आणि विनंती मान्य होते ती तिकडे जागा असेल तर. म्हणून आधी अंबडला क्वालिटीत जागा निघतेय का ते इंटर्नल पोस्टिंगमध्ये, म्हणजे कंपनीतल्याच लोकांसाठी निघणाऱ्या जागांमध्ये, बघा. पण तिथल्या मॅनेजरला परस्पर फोन करू नका, तुमच्या साहेबांना ते दुसऱ्याकडून कळलं की तिथेच गाडी अडते. आधी साहेबांना समोर भेटा, मग मेल. मेलमध्ये 'कुठल्याही अटीवर तयार आहे' असं अजिबात लिहू नका, लोक घाईत लिहितात आणि मग पगार नाहीतर ग्रेड खाली येते. स्वतः मागितलेल्या बदलीला सामान हलवायचा खर्च बहुतेक कंपन्या देत नाहीत तेवढं धरून चाला. आणि माझं मत विचाराल तर कन्फर्मेशनचं लेटर हातात येईपर्यंत थांबा.

गंगापूररोड_ताई
थांबा हे मला पटत नाही. डायलिसिस थांबतं का कुणासाठी? माझ्या सासऱ्यांचं चालू होतं, माणूस त्या दिवशी घरी आल्यावर नुसता गळून पडलेला असतो. साहेबांना आत्ताच खरं सांगा, हॉस्पिटलचे कागद दाखवा. लपवून ठेवलं आणि मग सारख्या रजा पडायला लागल्या तर प्रोबेशनमध्ये तेच जास्त नडेल. बदली होईपर्यंत वीकली ऑफ बदलून मिळतो का विचारा, सेंटरवर सोम-बुध-शुक्र किंवा मंगळ-गुरू-शनि असे स्लॉट असतात, त्यातला एक दिवस तुमच्या सुट्टीला आला तर आईला तेवढा तरी आधार. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आईवडील आहेत का तेही बघा, नसतील तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र असतो त्याला रेशनकार्ड घेऊन भेटा.

अंबड_लिंक_रोड
एक गोष्ट कुणी विचारलीच नाही. अंबडचा प्लांट त्याच कंपनीच्या नावावर आहे की ग्रुपमधली दुसरी कंपनी आहे? माझ्या मित्राला 'बदली' म्हणून पाठवलं आणि तिकडे नवीन अपॉइंटमेंट लेटर दिलं, म्हणजे कागदावर राजीनामा आणि परत जॉइनिंग, प्रोबेशन पहिल्यापासून, ग्रॅच्युइटी मिळायला लागणारी ५ वर्षंपण नव्याने मोजायला सुरुवात. पीएफचं तितकं टेन्शन नसतं, यूएएन म्हणजे पीएफचा नंबर तोच राहतो, पैसे ट्रान्सफर करून घ्यायचे. कंपनी एकच असेल तर सर्व्हिस सलग राहते. राजीनामा मात्र दुसरं ऑफर लेटर हातात आल्याशिवाय टाकू नको रे, घरात आजारपण असताना पगार बंद व्हायला नको.

सिडकोवाला
सगळ्यांचे खूप आभार. कंपनी एकच आहे, पगाराच्या स्लिपवर आणि तिकडच्या मित्राच्या स्लिपवर नाव सेम आहे. ताईंचं ऐकून साहेबांना भेटलो, बोलताना भरून आलं पण त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले अंबडला कायमची जागा आत्ता नाही, पण नवीन लाईनच्या ऑडिटसाठी तिकडे माणूस हवाय, डेप्युटेशनवर, म्हणजे तात्पुरता, जातोस का. मी लगेच हो म्हटलं, बरोबर केलं ना?

सातपूर_एचआर
एकदम बरोबर, आणि मी थांबा म्हटलं होतं पण तुमचे साहेब माणूस चांगला दिसतोय. आता एवढं करा, डेप्युटेशनचं पत्र निघण्याआधी त्यात तीन गोष्टी लिहून मागा: किती तारखेपर्यंत, तिथला काळ प्रोबेशनमध्ये धरणार का, आणि कन्फर्मेशनचा रिपोर्ट कोण भरणार, चाकणचे साहेब की अंबडचे. ही तिसरी गोष्ट राहून गेली की दोन्हीकडचे एकमेकांकडे बोट दाखवतात आणि फाईल तशीच पडून राहते. तिकडे जागा निघाली की अर्ज लगेच टाका, डेप्युटेशन संपायची वाट बघू नका.

सिडकोवाला
ओके ताई, सोमवारी हे तीनही मुद्दे मेलवर टाकतो.