हाऊस बँडच्या कीबोर्डवाल्याला अ‍ॅनालॉग सिंथ हवाच का?

सप्तक: टीव्हीवरच्या गाण्यांच्या कार्यक्रमात वाजवणारे, म्हणजे हाऊस बँडचे, कीबोर्डवाले वर्कस्टेशनच्या (तयार आवाज भरलेला डिजिटल कीबोर्ड) वर एक अ‍ॅनालॉग सिंथ (विजेच्या सर्किटमधून थेट आवाज घडवणारा कीबोर्ड) चढवू लागलेत. रत्नागिरी-मालवणकडच्या वादकाने या फंदात पडू नये, असं माझं ठाम मत. चित्रीकरण मुंबईत, गणपतीत इकडचा ऑर्केस्ट्रा, आणि वाद्यांचा सेट एकच. मिनिमूग (१९७०) पद्धतीच्या सिंथला लावलेला आवाज साठवायची मेमरी नाही, एका वेळी एकच स्वर. निवेदकाचं वाक्य संपेपर्यंत नॉब फिरवून पुढच्या गाण्याचा आवाज लावणार कधी? गायक ऐनवेळी काळी चार सोडून पांढरी पाच म्हणाला, तर ट्रान्सपोजचं बटणही नाही. वर घरच्या टीव्हीच्या स्पीकरमधून तो जाडजूड बेस ऐकूच येत नाही.

खाडीकाठ: मेमरीचा प्रश्न १९७८ मध्येच सुटला, प्रॉफेट-५ हा सिंथ आला तेव्हा. कॉर्ग मिनिलॉग (२०१६) चार स्वर एकदम वाजवतो आणि २०० आवाज साठवतो. वर्कस्टेशनचा मिडी आउट (मिडी म्हणजे वाद्यांनी एकमेकांना सूचना पाठवायची भाषा) सिंथच्या मिडी इनला जोडा, दोन्हीकडे चॅनल एकच ठेवा आणि गाण्यागणिक प्रोग्राम चेंज (आवाज बदलायची सूचना) पाठवा. एकच खोच: काही कीबोर्डवर ट्रान्सपोज केल्यावर फक्त आतला आवाज सरकतो, मिडीतून मूळ स्वरच जातो. मग सिंथ जुन्याच पट्टीत बोंबलतो. हे तालमीतच तपासायचं.

बेस ऐकू येत नाही, कारण फिल्टर (वरची कंपनं कापणारा भाग) मिटून नुसता मूळ स्वर वाजवतात. सॉटूथ (करवती लहर) घ्या, कटऑफ (फिल्टर कुठून कापतो ती मर्यादा) थोडा उघडा, जराशी ड्राइव्ह द्या, म्हणजे आवाज किंचित फाडा. वरचे हार्मोनिक (मूळ स्वराच्या पटीतले उपस्वर) आले की लहान स्पीकरवरही खालचा स्वर कान भरून काढतो.

पाना-पक्कड: सगळं कबूल, पण सुराचं काय? व्हीसीओमध्ये (व्होल्टेजवर स्वर ठरवणारं सर्किट) एका व्होल्टला एक सप्तक हा हिशेब ट्रान्झिस्टरवर चालतो आणि ट्रान्झिस्टर तापमानाप्रमाणे हलतो. एसी स्टुडिओत लावलेला सूर मांडवातल्या हॅलोजनखाली टिकत नाही. वाजवण्याआधी २०-३० मिनिटं चालू ठेवायलाच हवा. लाइट जाऊन जनरेटर लागेपर्यंत सिंथ बंद पडतो, म्हणून सोबत छोटा यूपीएस.

खारी हवा त्याहून वाईट. जॅक आणि पॉट (नॉबखालचा फिरता भाग) गंजले की नॉब फिरवताना खरखर थेट मिक्सरमध्ये. वीज काढून पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लिनरचा एक फवारा, नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत २०-३० वेळा फिरवा, पूर्ण वाळू द्या. गंज सोडवायचं साधं तेल मारू नका, त्यावर धूळ बसते. आणि एसीतून निघालेला गार सिंथ दमट हवेत लगेच उघडू नका, आत पाणी धरतं. सिंथची पेटी बंदच ठेवा, बाहेरच्या हवेएवढी कोमट होऊ द्या.

सप्तक: म्हणजे माझंच म्हणणं खरं झालं की! एवढी उस्तवार कोण करणार?

खाडीकाठ: पावसाळ्यात तबल्याच्या पुडीची करतोच ना? सुराची धास्ती असेल तर डीसीओवाला घ्या. त्यात सूर डिजिटल घड्याळावर बांधलेला, फिल्टर मात्र अ‍ॅनालॉगच. हाताने फिल्टर उघडत नेण्याची मजा जुन्या वर्कस्टेशनवर नाही, मिडीच्या १२८ पायऱ्या कानाला टोचतात.

पाना-पक्कड: डीसीओ म्हणून कोणी जुना जुनो-१०६ सिंथ (१९८४) गळ्यात मारायला आला तर सहाही व्हॉइस (एकेका स्वराचं सर्किट) एकेक करून ऐका. त्याच्या ८००१७ए चिपवरचं राळेचं आवरण काळाने बिघडतं आणि एखादा व्हॉइस मुका होतो किंवा कडकड करतो. आणि मिक्सरवर ५० हर्ट्झची गुणगुण आली तर डीआय बॉक्सचा (सिंथ मिक्सरला जोडणारी डबी) ग्राउंड लिफ्ट (सिग्नलच्या तारेतली ग्राउंडची जोडणी तोडणारं बटण) दाबा. प्लगची अर्थिंगची पिन काढायची नाही, ओल्या मांडवात तर नाहीच नाही.