मदत हवी आहे: उणे तापमानात डाऊनची (मऊ पिसं भरलेली) स्लीपिंग बॅग कोरडी कशी ठेवायची?

मंडळी, हलकं सामान घेऊन बर्फात सलग तीन-चार मुक्काम करायचे आहेत. रात्री पारा उणे १० च्या आसपास असेल. थंडीचं काही नाही, ओलीची धास्ती आहे. एकपदरी तंबूत श्वासाची वाफ आतल्या कापडावर गोठते आणि पहाटे कापडाला नुसता खांदा लागला की तो चुरा बॅगेवर सांडतो. पायाकडे बॅग तंबूला टेकते तिथलं डाऊन चिमटीत धरलं की गोळे हाताला लागतात. एक रात्र निभते. पण दिवसा ऊन पडलं नाही तर पुढच्या रात्री फुगवटा बसलेलाच.

झरोके उघडे ठेवतो, तोंड बॅगेत घालत नाही. तेवढ्याने भागत नाही.

वरून पातळ सिंथेटिक क्विल्ट घेतली तर दव बाहेरच्या थरातच अडकेल. नाहीतर आत वाफ अडवणारं लायनर, म्हणजे घाम डाऊनपर्यंत जाणारच नाही. लायनर वजनाला किरकोळ, पण आत चिकचिक किती होते? अंगात थर्मल ठेवता की नाही? प्रत्यक्ष वापरलेल्यांनी सांगा, जाहिरातीतलं वाचून झालंय.

खालची बाजू पक्की आहे: फोमवर हवेची मॅट, दोन्हींची आर-व्हॅल्यू (थंडी अडवायची क्षमता) मिळून ५ च्या वर जाते.

जाता जाता स्टोव्हच्या गॅसचंही विचारतो. मिश्रणातलं प्रोपेन आधी उडून जातं आणि उरलेलं आयसोब्युटेन उणे १२ च्या सुमारास मान टाकतं. कॅनिस्टर (गॅसचा डबा) उलटा लावायचा स्टोव्ह घ्यावा, की कोमट पाण्यात ठेवून काम होतं?