मदत हवी आहे: उद्या जोरदार वाऱ्याचा इशारा, गच्चीवरच्या पत्र्याचं काय करू?

उद्या संध्याकाळपासून वाऱ्याचा इशारा आलाय. ताशी ५० ते ६० किलोमीटर, झोत ९० पर्यंत. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. गच्चीवर पत्र्याची शेड आहे, तिच्यावर सात-आठ विटा ठेवल्यात. एका कोपऱ्यातला वायसर गंजून गेलाय आणि पत्रा साध्या वाऱ्यातही थडथड वाजतो. अजून विटा ठेवल्या तर भागेल का?

दुसरं, सासूबाई म्हणतात समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा, वारा आरपार निघून जातो. नवरा काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या मारत बसलाय. मला दोन्ही पटत नाहीये. गाडी मोठ्या झाडाखाली असते, तेही आहेच. जाणकारांनी सांगावं, हाताशी आजचाच दिवस आहे.

प्रतिसाद १
ताई, ५०-६० हा सरासरी वेग, ९० हे काही सेकंदांचे झोत. मोडतोड झोतच करतात. वेग दीडपट झाला की दाब सव्वादोन पट होतो. ताशी ९० ला चौरस मीटरमागे साधारण ३८ किलो पडतात. पत्रा तीन चौरस मीटरचा धरला तर शंभर किलोच्या वर, आणि वीट तीनेक किलोची! त्यात छपरावरून जाणारा वारा पत्र्याला वर खेचतो, आणि कडा-कोपरे आधी सुटतात. म्हणजे तुमचा तो वाजणारा कोपराच. विटा काढाच, पत्र्याबरोबर त्याही खाली कुणाच्या डोक्यावर जातील. आज वारा पडलेला असताना मोठा वायसर घालून बोल्ट आवळा. भोक फाटलं असेल तर पत्रा उतरवून घरात आडवा ठेवा. उद्या वारा सुटल्यावर मात्र गच्चीची पायरी चढू नका, पत्रा गेला तर गेला.

प्रतिसाद २
सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, पण खिडक्या सगळ्या बंद. आत शिरलेला वारा छपराला खालून रेटतो, बाहेरून ओढ असतेच. चिकटपट्टीने काच मजबूत होत नाही, फुटली तर तुकडे तेवढे मोठे पडतात. पडदे ओढून घ्या आणि वारा असेपर्यंत खिडक्यांपासून लांब, आतल्या खोलीत बसा. बाल्कनीतल्या कुंड्या, खुर्च्या, कपड्यांचा स्टँड आजच आत.

प्रतिसाद ३
गाडी आजच हलवा. पावसाने माती भिजली असेल तर हिरवंगार झाडही मुळासकट आडवं होतं. नंतर बाहेर पडाल तेव्हा तुटलेल्या तारेजवळ जाऊ नका, ती तार मेलेली आहे असं समजू नका, वीज कंपनीला फोन करा. आणि हे चक्रीवादळ असेल तर मध्येच एकदम शांत झालं म्हणून बाहेर येऊ नका. वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, वरून जात असेल, त्यानंतरचा वारा उलट्या दिशेने येतो.

धागाकर्ती
पत्रा उतरवला. बोल्टपाशी हाताने वाकला, इतका कुजलेला होता. विटा निघाल्या अकरा. गाडी हलवली. नवऱ्याच्या फुल्या तशाच आहेत, काढायला कोण चढणार! आता एकच राहिलं: गच्चीवरची प्लास्टिकची टाकी भरून ठेवू की रिकामी?

प्रतिसाद १
भरून. रिकामी टाकी वाऱ्याने लोळत जाते. शिवाय लाईट गेली की पंप बंद, पाणी लागेलच. झाकण तारेने बांधा.