एका वेतातले पिते कसे मोजतात

कळपातल्या सर्व पिल्लांचा बाप एकच बलवान रानडुक्कर असतो, हे मत मला अपुरे वाटते. शिकारीत मारल्या गेलेल्या गाभण माद्यांच्या गर्भांची मायक्रोसॅटेलाइट (डीएनएतले पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) तपासणी करताना आईकडून आलेला अलील, म्हणजे अशा तुकड्याचा एक प्रकार, वगळतात. उरलेले अलील एकाच वेतात, डीएनएतल्या एकाच स्थानावर दोनांहून अधिक निघाले, तर किमान दोन नर मानावेच लागतात, कारण एक नर तिथे दोनच प्रकार देऊ शकतो. (उत्परिवर्तनाची, म्हणजे डीएनएत आपोआप झालेल्या बदलाची, शंका फेडायला हे अनेक स्थानांवर दिसावे लागते.) पोर्तुगालमध्ये अशी वेते विरळ आढळली, तर फ्रान्समधल्या, शिकारीचा मोठा दाब असलेल्या जंगलात पुष्कळ. मोठे नर मारले गेले, की माद्यांवर एकट्याने ताबा ठेवणारा उरत नाही, हे स्पष्टीकरण मला सर्वांत पटते. मात्र दोन नरांचे अलील सारखे असल्यास दुसरा बाप नजरेतून निसटतो, त्यामुळे या पद्धतीने मिळणारी पित्यांची संख्या किमानच समजावी.