डुकराचं मूळ गाव: डीएनए म्हणतो तेच फायनल का?

तिरकस_तात्या:
माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे शिव्या घालायला सोपं जाईल. पाळीव डुक्कर मूळचं कुठलं यावर हाडं उकरणाऱ्यांनी पिढ्यानपिढ्या डोकं फोडलं आणि जीन्सवाल्यांनी एका फटक्यात विषय मिटवला. २००५ साली ग्रेगर लार्सन नावाचा संशोधक आणि मंडळींनी ६८६ रानटी-पाळीव डुकरांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए (म्हणजे आईकडून पिल्लाला मिळणारा) तपासला, तर दिसलं काय की युरोपातलं पाळीव डुक्कर युरोपातल्याच रानडुकराशी जुळतंय आणि चीनचं चीनमधल्याशी. युरोपची आणि आशियाची रानडुकरं साधारण १० लाख वर्षांपूर्वीच वेगळी झालीत, त्यामुळे एकाला दुसरं समजायचा चान्सच नाही. म्हणजे "शेती, जनावरं सगळं तुर्कस्तान-इराककडून युरोपात गेलं" असं जे शाळेत वाचलं ते निदान डुकरापुरतं तरी खोटं. तिथल्या माणसांनी तिथलंच डुक्कर पाळलं. रिपोर्ट आला, केस बंद. कुणाला काही ऑब्जेक्शन?

गाळीव_इतिहास:
आहे ऑब्जेक्शन, आणि जरा लांबलचक आहे. तात्या तुम्ही २००५ वरच गाडी थांबवलीत. त्याच लार्सनच्या टीमने दोनच वर्षांनी उत्खननातल्या जुन्या हाडांतून डीएनए काढला, आणि युरोपातल्या सुरुवातीच्या शेतकऱ्यांच्या वस्त्यांमधली डुकरं निघाली पश्चिम आशियाच्या वंशाची, पार पॅरिसच्या खोऱ्यापर्यंत पोचलेली! म्हणजे आजच्या डुकराला विचारलं तर ते म्हणतं आम्ही इथलेच, आणि त्याच मुलखातलं हजारो वर्षांपूर्वीचं डुक्कर म्हणतं आम्ही बाहेरून आलो, आता कुणाचं खरं धरायचं?

पुढे २०१९ ला आणखी मोठं काम झालं, २०९९ नव्याजुन्या नमुन्यांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए आणि ६३ प्राचीन डुकरांचे जीनोम, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलेला सगळा डीएनए. ७१०० ते ६००० वर्षांपूर्वीच्या युरोपी पाळीव डुकरांत दोन्हीकडचं रक्त आहे, आणि नंतरच्यांत पश्चिम आशियाचं उरलंय जास्तीत जास्त ४ टक्के. गोष्ट सरळ आहे, शेतकरी साधारण ८५०० वर्षांपूर्वी आपली डुकरं घेऊन युरोपात आले, ती रानडुकरांत मिसळत राहिली आणि जुनं रक्त पातळ होत होत जवळजवळ संपलं. शेजारणीकडून विरजण आणलं, दूध आपलंच घातलं, म्हणून दही आपल्या घरी जन्मलं का?

रसायनवाल्या_काकू:
विरजणाची उपमा साफ उलटी पडलीय हो तुमची. दह्यात दूध बदलतं पण जंतू त्याच शेजारणीकडच्या जंतूंचे वंशज असतात. डुकरांत नेमका वंशच संपला आणि राहिली फक्त पद्धत. तुमच्या उपमेने तात्याच जिंकतात.

गाळीव_इतिहास:
मान्य काकू, विरजण मागे घेतो. मग दत्तक म्हणा. रक्त दुसरं पण गादी तीच आणि घराणंही तेच. डुकरं पाळायची रीत अखंड चालू राहिली, मधे कुणी पहिल्यापासून सुरुवात केली नाही, हा माझा मुद्दा आहे.

झेडपीचा_ढोरडॉक्टर:
मला यात काही नवल वाटत नाही बुवा. आपल्याकडे गावठी डुकरं दिवसभर मोकाट हिंडतात, रात्री परत येतात, मधल्या वेळात रानातला नर आला तर त्याला कोण अडवणार आहे? सुरुवातीला शेतकऱ्यांकडे तरी कुठे तारेचं कुंपण होतं. पाळीव माद्यांवर रानटी नर आले, पिल्लं घरी झाली, हजार-दोन हजार वर्षं हेच चालू राहिलं की रक्त बदलणारच. त्याला वेगळं डोमेस्टिकेशन कशाला म्हणायचं.

तिरकस_तात्या:
थांबा डॉक्टर, इथेच तुम्ही सापडलात. मायटोकॉन्ड्रियल डीएनए फक्त आईकडून येतो. नुसते नर येऊन गेले असते तर आईकडची खूण पश्चिम आशियाचीच राहिली असती ना? पण ती खूणच तर युरोपी झालीय! म्हणजे रानटी माद्या कळपात आल्या. आता रानटी डुकरीण काय पाहुणचाराला येणार आहे का, तिची पिल्लं कुणीतरी रानातून धरून आणली, घरी वाढवली, माणसाळवली. याला डोमेस्टिकेशन नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

झेडपीचा_ढोरडॉक्टर:
हे बरोबर पकडलंत. नर-मादीचा हिशेब माझा चुकला. पण चार पिल्लं धरून चालू कळपात सोडणं आणि काहीच नसताना शून्यापासून जनावर माणसाळवणं यात फरक आहे, हे मी रोज जनावरांत वावरणारा माणूस म्हणून सांगतो.

बाष्कळ_बंडू:
डुकरावर एवढा पैसा खर्च?? माणसांचे प्रश्न संपले वाटतं 😂

झेडपीचा_ढोरडॉक्टर:
बंडू, विलायती डुक्कर म्हणून आपल्याकडे जे लार्ज व्हाइट यॉर्कशायर देतात ना, ते नावाने इंग्लंडचं, पण १८व्या-१९व्या शतकात ब्रिटिशांनी चिनी डुकरं आणून आपल्या डुकरांशी संकर केला त्याची पिल्लं आहेत ती. एएचआर नावाच्या जीनचं आशियाई रूप ज्या लार्ज व्हाइट माद्यांत असतं त्यांना वेताला पिल्लं जास्त होतात, हे २०१४ च्या अभ्यासात निघालं. वेताला एक पिल्लू वाढलं तर पाळणाऱ्याच्या घरात किती फरक पडतो ते एकदा विचारून ये, मग हस.

काणकोणकर:
हे सगळं युरोपचं झालं. आमच्या गोव्यात आगोंदा गोवन म्हणून काळं गावठी डुक्कर आहे, कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने त्याची वेगळी जात म्हणून नोंद केलीय. पण आमच्याकडे कुणालाही विचारा, डुक्कर म्हटलं की चोरीस (सॉसेज) आणि सोरपोतेल (डुकराच्या मटणाचं कालवण) आणि मग "पोर्तुगीजांनी आणलं". पदार्थ त्यांचे असतील, पण जनावर पण त्यांचंच कशावरून? भारतात कुणी डुक्कर पाळायला सुरुवात केलीच नसेल का?

गाळीव_इतिहास:
भारताचं नाव आहे त्यात. २०१० च्या पूर्व आशियाच्या अभ्यासात चीन सोडून आणखी ५ ठिकाणी स्थानिक रानडुकरं वेगळी पाळली गेली असावीत असं मांडलं होतं, त्यातलं एक भारत. पण त्यांनीच त्याला "छुपं" म्हटलंय, कारण डीएनएत खूण दिसते, जमिनीतून पुरावा निघालेला नाही. आणि वर आपण बघितलंच की रानडुकराची खूण पाळीव डुकरात दिसली म्हणजे ते तिथे पाळायला सुरुवात झाली असं होत नाही, नुसत्या मिसळण्यानेही ती येते. म्हणून भारताबद्दल मी तरी छाती फुगवणार नाही.

रसायनवाल्या_काकू:
हाडांवर तरी एवढा भरवसा का? सिंधू संस्कृतीच्या गावाशहरांत डुकरांची हाडं एकूण हाडांच्या २-३ टक्केच सापडतात, आणि २०२१ साली वायव्य भारतातल्या त्या काळच्या खापरांत मुरलेली चरबी तपासली तर डुकराच्या चरबीशी जुळणारे अंश भरपूर. आता ती चरबी नक्की डुकराचीच का, यावर घासाघीस होऊ शकते, पण हाडं सगळं सांगतात हा भ्रम आहे.

गाळीव_इतिहास:
सगळं सांगतात असं कोण म्हणतंय काकू! मी म्हणतो आजच्या जनावराचा डीएनए एकटा घेऊन मूळ गाव ठरवू नका. इस्राएलमधली आजची रानडुकरं बघा, त्यांच्यात युरोपी वंशाची खूण आहे. नुसता आजचा नमुना घेतला असता तर कुणीतरी लिहिलं असतं की ती तिथे अनादी काळापासून अशीच होती. जुन्या हाडांतला डीएनए काढला तेव्हा कळलं की आधी तिथे स्थानिक वंश होता आणि साधारण ३ हजार वर्षांपूर्वीपासून युरोपी आला, बहुतेक समुद्रमार्गे आलेल्या लोकांबरोबर.

तिरकस_तात्या:
अहो पण जुन्या हाडातला डीएनए तो पण डीएनएच ना? म्हणजे मला खोडून काढायलाही जीन्सच वापरताय. शिवाय तुमच्याच २०१९ च्या पेपरात म्हटलंय की गेल्या ५ हजार वर्षांत माणसाने केलेली निवड बहुतेक सगळी युरोपी रानडुकराकडून आलेल्या भागावर झाली, पहिल्या अडीच हजार वर्षांतल्या पश्चिम आशियातल्या शेतकऱ्यांनी जे निवडलं होतं त्यावर नाही. म्हणजे रक्त गेलं आणि त्यांची मेहनतही गेली. दत्तकाला गादी मिळाली म्हणता, पण तिजोरी कुठे मिळाली?

गाळीव_इतिहास:
हा मुद्दा जड आहे, त्याला माझ्याकडे झटपट उत्तर नाही. पण ते हाड कोणत्या थरातलं, किती जुनं, पाळीव डुकराचं की शिकार करून आणलेल्या रानटीचं, हे सांगायला उकरणाराच लागतो. तुर्कस्तानात चायोनू या प्राचीन वस्तीच्या जागी शेकडो वर्षांच्या थरांमधून डुकरांच्या दाढा मोजत गेले तेव्हा दिसलं की त्या हळूहळू लहान होत गेल्यात (पाळीव डुकराची दाढ रानटीपेक्षा लहान असते), एका रात्रीत कुणी डुक्कर पाळीव केलेलं नाही. "पहिली अडीच हजार वर्षं" हा तुमचा आकडासुद्धा या दाढा मोजणाऱ्यांच्याच जिवावर आलाय तात्या.

काणकोणकर:
म्हणजे आगोंद्यात आधी खड्डा खणायचा तर. आमच्याकडे घर बांधताना काही हाडं निघाली तर लगेच परत पुरतात, शांत करून.

तिरकस_तात्या:
बरं, दाढ दिली तुम्हाला. केस बंद म्हणालो होतो ते पण मागे. पण युरोपच्या डुकरात ४ टक्के तुमचं आणि ९६ टक्के माझं, यावरून मी हटत नाही.