करार मोडा म्हणणाऱ्यांना एक प्रश्न: गुन्हा दाखल झाला म्हणजे नेमके काय झाले?

धंतोलीकर

काल ‘मोतीबागचा गोलरक्षक’ यांनी येथे लिहिले की, फुटबॉलपटूवर गुन्हा दाखल झाला की क्लबने त्याच दिवशी करार मोडावा आणि जो क्लब निलंबित खेळाडूला पगार देत राहतो तो गुन्हेगार पोसतो. त्याखाली ज्या उत्साहाने अंगठे उमटले, ते पाहून मला राहवले नाही.

इंग्लंडमध्ये खेळणाऱ्या बेंजामिन मेंडी या फ्रेंच फुटबॉलपटूवर ऑगस्ट २०२१ मध्ये बलात्काराचे आरोप ठेवले गेले. त्याच्या क्लबने, मँचेस्टर सिटीने, त्याला निलंबित केले आणि सप्टेंबरपासून पगारही थांबवला. २०२३ च्या जानेवारीत आणि जुलैत, अशा दोन खटल्यांनंतर तो सर्व आरोपांतून सुटला. तोवर करार संपला होता. वकिलांचा खर्च भागवायला संघातल्या सहकाऱ्यांकडून उसने घ्यावे लागले, असे त्याने लवादापुढे सांगितले. आणि २०२४ मध्ये लवादाने निकाल दिला की, कोठडीतला काळ सोडून बहुतांश पगार क्लब देणे लागतो. ब्राझीलचा फुटबॉलपटू दानी आल्वेसच्या बाबतीत तर आपल्या मनासारखेच झाले होते. जानेवारी २०२३ मध्ये बार्सिलोनात लैंगिक अत्याचाराच्या आरोपावरून अटक झाली आणि त्याच दिवशी त्याच्या क्लबने, मेक्सिकोच्या पुमासने, करार मोडला. २०२४ मध्ये साडेचार वर्षांची शिक्षा झाली, मार्च २०२५ मध्ये वरच्या न्यायालयाने ती रद्द केली. आता ती दोन वर्षे कोण भरून देणार?

नागपुरात दर दुसऱ्या घरात कोणी ना कोणी शासकीय नोकरीत आहे, म्हणून सांगतो. कर्मचारी ४८ तासांहून अधिक कोठडीत राहिला तर निलंबित मानला जातो, पण त्याला निर्वाह भत्ता मिळतो. तेव्हा ‘गुन्हेगार पोसला’ असे आपण म्हणत नाही.

मोतीबागचा गोलरक्षक

धंतोलीकर, आपण दोन उदाहरणे वेचून आणलीत, तिसरे सोयीने घरी ठेवलेत. ब्राझीलचा फुटबॉलपटू रॉबिन्हो, त्याचा गुन्हा सामूहिक बलात्काराचा, मिलानमधला, २०१३ चा. इटलीच्या न्यायालयाने २०१७ मध्ये नऊ वर्षांची शिक्षा सुनावली, आणि त्यानंतरही हा गृहस्थ तुर्कस्तानात दोन क्लबांकडून खेळला. अपील प्रलंबित आहे, हे त्याचे कारण! २०२० मध्ये ब्राझीलच्या सांतोस क्लबने त्याला परत आणले आणि आठवडाभरात करार स्थगित केला, तोही पुरस्कर्ते पैसे काढून घेऊ लागले म्हणून. २०२२ मध्ये शिक्षा अंतिम झाली, ब्राझील आपला नागरिक दुसऱ्या देशाच्या हवाली करत नाही म्हणून आणखी दोन वर्षे गेली, आणि मार्च २०२४ मध्ये तो तुरुंगात गेला. गुन्ह्यानंतर अकरा वर्षांनी. आपला निर्वाह भत्ता या अकरा वर्षांत कोणाला द्यायचा होता?

आणि आल्वेसबद्दल अर्धेच सांगू नका. पुरावा दोषसिद्धीच्या मापाला उतरत नाही, असे त्या न्यायालयाने म्हटले. आरोपीचे म्हणणे खरे ठरले, असे म्हटलेले नाही.

कामठीचा जुना खेळाडू

दोघेही युरोपात फिरत आहात, म्हणून थोडे कामठीत येतो. माझा पुतण्या गोलरक्षक होता. एका स्पर्धेच्या अंतिम सामन्यात दंड क्षेत्राच्या वादावरून प्रेक्षक आत घुसले, कोणीतरी कॉर्नरच्या झेंड्याची काठी उपसली आणि एका मुलाचे डोके फुटले. पुतण्या भांडण सोडवायला गेला होता. हिरवा स्वेटर घातलेला तो एकटाच, म्हणून सर्वांना तोच आठवला. गुन्हा दाखल झाला तो दंड संहितेच्या कलम ३२४ खाली, म्हणजे घातक हत्याराने दुखापत, सोबत ३४, म्हणजे समान इरादा; जामीन त्याच संध्याकाळी. खटला मात्र सहा वर्षे चालला, आणि शेवटी डोके फुटलेल्या मुलानेच न्यायालयात सांगितले की काठी कोणाच्या हातात होती ते आपण पाहिले नाही. दुसऱ्या वर्षी एका सरकारी आस्थापनेत खेळाडू कोट्यातून त्याची निवड झाली होती. चारित्र्य पडताळणीत ती गेली. आज तो मालवाहू टेम्पो चालवतो. ‘गुन्हा दाखल झाला की हाकला’ म्हणणाऱ्यांनी एकदा त्याच्या शेजारी बसून टेम्पोतून उमरेडपर्यंत जाऊन यावे.

काळा कोट

दादा, वाईट वाटले, परंतु वकील म्हणून एक प्रश्न विचारावाच लागतो. नोकरीआधी भरायच्या साक्षांकन नमुन्यात ‘आपल्याविरुद्ध फौजदारी प्रकरण प्रलंबित आहे काय’ या रकान्यासमोर आपल्या पुतण्याने काय लिहिले होते?

कामठीचा जुना खेळाडू

याचा येथे काय संबंध?

काळा कोट

सगळा संबंध तेथेच आहे. अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हेच स्पष्ट केले. माहिती खरी दिली पाहिजे; प्रकरण किरकोळ असेल तर नियोक्ता ती लपवणूकही दुर्लक्षू शकतो; मात्र खरी माहिती दिल्यानंतरही उमेदवाराला घ्यायलाच हवे, असे बंधन नियोक्त्यावर नाही. त्यामुळे नोकरी गुन्ह्यामुळे गेली की लपवल्यामुळे, हे दोन वेगळे मुद्दे आहेत.

कामठीचा जुना खेळाडू

‘नाही’ असे लिहिले होते. झाले समाधान? संघाच्या प्रशिक्षकानेच सांगितले होते की खरे लिहिशील तर कागद टेबलावरून पुढे सरकणार नाही. एकवीस वर्षांच्या मुलाने, ज्याच्या बापाला त्या वर्षी अर्धांगवायू झाला होता, काय लिहायला हवे होते ते आपल्या कार्यालयातल्या पंख्याखाली बसून सांगू नका.

मोतीबागचा गोलरक्षक

म्हणजे मूळ गोष्टीत हा तपशील आपण गाळलात. ‘पडताळणीत गेली’ एवढेच लिहिलेत. खेळाडूंची बाजू घेणारे नेहमी असेच करतात. गोष्ट सांगतात, रकाना सांगत नाहीत.

कामठीचा जुना खेळाडू

गोलरक्षक, आपण मोतीबागेत ज्या गोलसमोर उभे राहायचात, तेथे मी तीन वेळा चेंडू घातलेला आहे, त्यामुळे आपली नजर किती तीक्ष्ण आहे ते मला ठाऊक आहे. मुद्दा साधा आहे. खरे लिहिले असते तर घेतले असते का? वकीलसाहेबांनीच लिहिले आहे की बंधन नव्हते. म्हणजे खरे लिहा आणि जा, किंवा खोटे लिहा आणि पकडले जा.

काळा कोट

घेतले असतेच, असे मी म्हणू शकत नाही. पण जामीनपत्र आणि आरोपपत्राची प्रत जोडून खरे लिहिले असते, तर न्यायालयात भांडायला निदान पाय रोवण्यापुरती जागा उरली असती. त्या प्रशिक्षकाच्या सल्ल्याने तीही गेली.

प्रतापनगरची स्नेहल

मी दुपारपासून वाचते आहे. मेंडीचा पगार, आल्वेसची दोन वर्षे, पुतण्याचा टेम्पो, नमुन्यातला रकाना. तक्रार करणाऱ्या बाईबद्दल एवढ्या चर्चेत कोणी एक वाक्य लिहिलेले मला दाखवा. तिचे नाव उघड करण्यास न्याय संहितेचे कलम ७२ मनाई करते, हे योग्यच आहे. परंतु नाव घ्यायचे नाही म्हणून तिचा विचारही करायचा नाही, असे त्यात कोठे लिहिले आहे?

मी मुलींना फुटबॉल शिकवते. आमच्या मैदानावर येणारा एक नावाजलेला खेळाडू पंधरा वर्षांच्या एका मुलीला रात्री संदेश पाठवत असे. मी ते संदेश छापून पदाधिकाऱ्यांकडे नेले. उत्तर मिळाले, ‘मॅडम, स्पर्धा संपू द्या.’ स्पर्धा संपली, त्याला सामनावीराचा चषक मिळाला. मुलगी येईनाशी झाली. तिचे शिनगार्ड, म्हणजे नडगीवर बांधायचे पॅड, अजून आमच्या किट बॅगेत आहेत, डाव्यावर पेनने तिचे आद्याक्षर आहे. आई-वडिलांना पोलीस ठाण्याची पायरी चढायची नव्हती, आणि त्यांची समजूत घालण्यात मी कमी पडले. त्यामुळे त्या खेळाडूवर कधी गुन्हाच दाखल झाला नाही. धंतोलीकर, आपल्या हिशेबाने तो निष्कलंक आहे.

धंतोलीकर

ताई, माझ्या हिशेबाने तसे मुळीच नाही, आणि हे वाक्य मला लागले. मी करार मोडण्याला विरोध केला, निलंबनाला नाही.

प्रतापनगरची स्नेहल

मग ते पहिल्या परिच्छेदात लिहायचे होते. मला त्याचा करार मोडून हवा नव्हता, त्याचा पगार बुडवण्यातही मला रस नव्हता. चौकशी होईपर्यंत त्याने मुलींच्या सरावाच्या वेळी मैदानात पाऊल टाकू नये, एवढेच मी मागितले होते. त्यासाठी ना न्यायालय लागत होते ना प्राथमिक माहिती अहवाल. लागत होते एक सहीचे पत्र.

काळा कोट

इंग्लंडमध्येही याहून वेगळे नसते. अटक झालेला, पण नाव जाहीर न झालेला खेळाडू तपास चालू असताना सलग तीन हंगाम खेळत राहिला आणि करार संपल्यानंतर काही दिवसांतच त्याच्यावर आरोप ठेवले गेले, हे आपण २०२५ मध्ये पाहिले. त्याने आरोप नाकारले आहेत आणि प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, म्हणून मी नाव लिहीत नाही. त्या काळात क्लबला ताईंनी मागितले तसे पत्र देता आले असते की नाही, यावर चर्चा करायला मला आवडेल.

मोतीबागचा गोलरक्षक

देता आले असते, पण तो मधल्या फळीत चांगला खेळत होता ना! मी तेच म्हणत होतो, फक्त रागाने म्हणालो. ठीक आहे, ‘त्याच दिवशी करार मोडा’ हे मी मागे घेतो. ‘त्याच दिवशी मैदानाबाहेर’ हे ठेवतो. धंतोलीकरांच्या आग्रहाखातर निर्वाह भत्ताही मंजूर, मात्र शासकीय कर्मचाऱ्यासारखा सुरुवातीला अर्धाच. सुटला तर बाकीचा व्याजासकट द्या, मी टाळ्या वाजवीन.

कामठीचा जुना खेळाडू

वा, गोलरक्षकाने सोळा तासांनंतर पुढे येऊन चेंडू अडवला. एवढे उदार झालाच आहात, तर माझ्या पुतण्याचाही अर्धा पगार मोजून ठेवा, सहा वर्षांचा आहे.

प्रतापनगरची स्नेहल

दादा, त्या प्रशिक्षकाचे काय झाले, ज्याने ‘नाही’ लिही म्हणून सांगितले?

कामठीचा जुना खेळाडू

अजून शिकवतो आहे. मुलींनाही.